मदत हवी आहे : इंग्लंडमध्ये संध्याकाळी किंवा शनिवारी जीपीची भेट कशी मिळवावी?

नमस्कार.

आम्ही इंग्लंडमधील स्लाव या शहरात राहतो. मी लंडनमधील एका कार्यालयात नोकरी करते, यजमान हीथ्रो विमानतळावर पाळ्यांमध्ये काम करतात आणि मुलगी चार वर्षांची आहे. सध्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. त्यांचे वय ७१ असून त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. माझ्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा आढावा आणि गर्भाशयमुखाची तपासणी राहिलेली आहे, तर मुलीच्या दम्याच्या पंपाविषयी डॉक्टरांशी किंवा परिचारिकेशी बोलायचे आहे. यांपैकी एकही काम तातडीचे नाही. त्यामुळेच मी ते कामाच्या वेळेबाहेर करू पाहते आहे, आणि नेमके तेच जमत नाही.

आमची प्रॅक्टिस (म्हणजे आमच्या जीपीचा, कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांचा, दवाखाना) सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० या वेळेत चालू असते. सकाळी आठला फोन करावा, असे सांगितले जाते. त्या वेळी मी गाडीत असते, फोन रांगेत राहतो आणि मध्येच तुटतो. यजमानांची पाळी सकाळची असेल, तर तेही मोकळे नसतात. स्वागतकक्षात प्रत्यक्ष जाऊन संध्याकाळच्या वेळेविषयी विचारले असता, “आम्ही साडेसहाला बंद करतो,” एवढेच उत्तर मिळाले. ते त्या इमारतीपुरते खरे आहे, परंतु माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, असे मला वाचनावरून वाटते.

मी वाचले ते असे. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधील प्रत्येक प्रायमरी केअर नेटवर्कने ‘एन्हान्स्ड ॲक्सेस’ या नावाखाली सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६.३० ते ८ आणि शनिवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत रुग्णांना भेटी उपलब्ध करून द्यायच्या आहेत. शेजारशेजारच्या काही प्रॅक्टिस मिळून असे एक नेटवर्क तयार होते आणि त्यात साधारणपणे ३०,००० ते ५०,००० रुग्ण असतात. म्हणजे आमची प्रॅक्टिस साडेसहाला बंद होत असली, तरी आमच्या नेटवर्कमधील एखादी प्रॅक्टिस त्या वेळी उघडी असली पाहिजे. ती कोणती, तेथे जाण्यासाठी कोणाला विचारायचे, आणि विचारताना काय म्हणायचे, हे मला कळलेले नाही. आमच्या प्रॅक्टिसच्या संकेतस्थळावर याविषयी एक ओळ आहे. तिच्यावरून वेळ कळते, वाट कळत नाही.

सासूबाईंना तर ही सारी व्यवस्था समजावून सांगणेच अवघड झाले आहे. त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ असतो. कंपाउंडरकडे नंबर लावायचा, बाकावर बसायचे आणि घरी जेवायला परतायचे, अशी त्यांची चाळीस वर्षांची सवय. येथे डॉक्टर पैसे घेत नाहीत याचे त्यांना कौतुक आहे, पण “मग संध्याकाळी बसतात तरी कुठे?” हा त्यांचा प्रश्न मला निरुत्तर करतो.

माझ्या शंका पुढीलप्रमाणे आहेत. संध्याकाळची किंवा शनिवारची भेट मागण्याची योग्य पद्धत कोणती, आणि ती फोनशिवाय मागता येते का? भेट दुसऱ्या प्रॅक्टिसमध्ये मिळाली, तर तेथील डॉक्टरांना आमच्या नोंदी दिसतात का, की मुलीच्या दम्याचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो? सासूबाईंची नोंदणी ‘तात्पुरती’ करून घेतलेली आहे. त्यामुळे त्यांना या भेटींचा हक्क उरत नाही, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? शिवाय त्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे आम्हा दोघांपैकी एकाला त्यांच्याबरोबर जावे लागते. खरे तर संध्याकाळच्या वेळेचा माझा आग्रह मुख्यतः त्यासाठीच आहे. आणि शेवटी, प्रॅक्टिसने नकारच दिला तर संबंध न बिघडवता पुढे कोठे विचारावे?

कृपया प्रत्यक्ष अनुभव किंवा माहिती असलेल्यांनी लिहावे. खासगी डॉक्टरांकडे जा, हा सल्ला आम्हाला ठाऊक आहे. तो मार्ग तूर्त नको आहे.

प्रतिसाद १ (एका जीपी प्रॅक्टिसच्या स्वागतकक्षात काम करणारी सभासद)

आपण वाचलेले बरोबर आहे. आपल्याला मिळालेले उत्तर अपुरे होते, परंतु त्यामागचे कारण समजून घेतल्यास मागणी करणे सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

करारानुसार नेटवर्कने आठवड्याला दर १,००० रुग्णांमागे ६० मिनिटे या हिशेबाने जादा वेळ द्यायचा असतो. ही रुग्णसंख्या वय आणि गरज लक्षात घेऊन थोडी कमीजास्त धरली जाते, पण ढोबळ मानाने ४०,००० रुग्णांच्या नेटवर्कला आठवड्याला ४० तास द्यावे लागतात. एका भेटीला १० मिनिटे धरली, तर ४०,००० लोकांमध्ये आठवड्याला २४० भेटी होतात. त्यातही हे ४० तास एकट्या डॉक्टरांचे नसतात. परिचारिका, औषधनिर्माते, फिजिओथेरपिस्ट यांचा वेळही त्यातच मोजला जातो, आणि काही भेटी फोनवरच्या असतात. म्हणून “मला संध्याकाळी डॉक्टर हवेत” असे म्हणणाऱ्याला बहुधा “जागा नाही” असे ऐकावे लागते, तर “गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी संध्याकाळी किंवा शनिवारी परिचारिकेची वेळ हवी आहे” असे म्हणणाऱ्याला ती मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. आपल्या कामांपैकी आपली तपासणी आणि मुलीच्या दम्याचा आढावा ही परिचारिकेची कामे आहेत, तर रक्तदाबाच्या गोळ्यांचा आढावा पुष्कळदा नेटवर्कचे औषधनिर्माते फोनवरच घेतात. आपल्याला डॉक्टर लागतील ते मुख्यतः सासूबाईंसाठी.

विचारताना ‘एन्हान्स्ड ॲक्सेस अपॉइंटमेंट’ हेच शब्द वापरावेत. “तुम्ही संध्याकाळी उघडे असता का,” असे विचारल्यास स्वागतकक्षातील व्यक्ती आपल्याच दाराची वेळ सांगते. आमच्याकडेही नवीन माणसांकडून हे होते. या भेटी किमान दोन आठवडे आधीपासून नोंदवता याव्यात, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे तातडी नसलेल्या कामासाठी आजची वेळ मागण्यापेक्षा पुढच्या पंधरवड्यातील शनिवार मागावा.

सकाळी आठच्या फोनची आपल्याला गरज नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येक प्रॅक्टिसने तातडी नसलेल्या कामांसाठीचा ऑनलाइन अर्ज सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० या संपूर्ण वेळेत खुला ठेवणे बंधनकारक झाले आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एनएचएसच्या (येथील सरकारी आरोग्यसेवेच्या) ॲपवरून किंवा प्रॅक्टिसच्या संकेतस्थळावरून तो भरावा, आणि कामाच्या वेळा सांगून फक्त ६.३० नंतर किंवा शनिवारी येता येईल, दुसऱ्या ठिकाणी जाण्याची तयारी आहे, असे स्पष्ट लिहावे. शेवटचे वाक्य विसरू नये. अनेक रुग्ण दुसऱ्या प्रॅक्टिसला जायला नकार देतात, म्हणून आम्ही ती भेट सुचवायलाच कचरतो.

नोंदींविषयी : नेटवर्कमधील प्रॅक्टिसमध्ये माहिती पाहण्याचा करार झालेला असतो, आणि जादा वेळेत काम करणाऱ्या व्यक्तीला रुग्णाच्या संमतीने नोंदी पाहता येतात. तरीही मुलीच्या पंपाचे नाव आणि मात्रा लिहून न्यावी. दहा मिनिटांतली दोन वाचतात.

सासूबाईंची नोंदणी मात्र मूळातच पाहून घ्यावी. तात्पुरती नोंदणी ही २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी असते. त्या सहा महिने राहणार असतील, तर नेहमीची नोंदणी करून घ्यावी, म्हणजे हक्काचा प्रश्नच उरणार नाही. नोंदणीसाठी पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा देणे सक्तीचे नाही, आणि जीपीकडील तपासणी पाहुण्यांनाही विनामूल्य असते. रुग्णालयातील उपचारांचे तसे नाही : अपघात विभागातील उपचारांना शुल्क नाही, पण दाखल करून घेतल्यास किंवा तज्ज्ञांकडे पाठवल्यास पाहुण्यांकडून एनएचएसच्या दराच्या दीडपट रक्कम घेतली जाते. त्यांचा प्रवासविमा चालू आहे ना, एवढे पाहावे.

दुभाषा विनामूल्य मिळतो. भेट नोंदवतानाच ‘मराठी’ असे लिहावे. प्रत्यक्ष माणूस नसला तरी फोनवरून दुभाषा जोडून देतात. ही सोय झाली, तर सासूबाईंना दिवसाच्या भेटीलाही शेजारचे कोणी सोडून येऊ शकेल, आणि आपली संध्याकाळची अट बरीच सैल होईल. रात्री किंवा रविवारी एनएचएसच्या १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर फोन केला, तरी दुभाषा मागता येतो. जीपींच्या २००४ च्या करारापासून बहुतेक प्रॅक्टिसनी रात्रीची आणि शनिवार-रविवारची जबाबदारी सोडलेली आहे, म्हणून त्या वेळी आपले नेहमीचे डॉक्टर भेटत नाहीत. साताऱ्याच्या डॉक्टरांशी तुलना करणाऱ्या सासूबाईंना यापेक्षा समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही.

नकार मिळाल्यास प्रथम प्रॅक्टिस मॅनेजरला लेखी विचारावे : आपल्या नेटवर्कच्या जादा वेळेतील भेटी कोठे होतात आणि त्या कशा नोंदवायच्या. तक्रार म्हणून नव्हे, चौकशी म्हणून. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते. न झाल्यास आपल्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (त्या भागातील आरोग्यसेवेचे नियोजन करणाऱ्या एनएचएसच्या मंडळाकडे) जाता येते. जीपीविषयीच्या तक्रारी जुलै २०२३ पासून तेथेच पाहिल्या जातात.

प्रतिसाद २ (लेस्टर येथे औषधनिर्माता असलेला सभासद)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेखाली सात आजारांवर औषधांच्या दुकानातच सल्ला आणि गरज असल्यास प्रतिजैविके मिळतात : घसादुखी, सायनसचा दाह, कानदुखी, चावलेल्या किड्यामुळे झालेला संसर्ग, इम्पेटिगो (त्वचेचा एक संसर्ग), नागीण आणि स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. वयाच्या अटी नीट पाहाव्यात. कानदुखीसाठी १ ते १७ वर्षे ही मर्यादा आहे, तेव्हा आपली मुलगी त्यात बसते. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी १६ ते ६४ असल्यामुळे सासूबाई बसत नाहीत, आणि मधुमेह असताना तसा त्रास झाल्यास थेट प्रॅक्टिसला किंवा १११ ला कळवावे.

जादा वेळेतील डॉक्टर औषधाची चिठ्ठी आपण निवडलेल्या दुकानाकडे संगणकावरून पाठवतात. आपले निवडलेले दुकान सहाला बंद होत असेल, तर रात्री पावणेआठची भेट मिळूनही औषध दुसऱ्या दिवशीच हाती येते. एनएचएस ॲपमध्ये जाऊन उशिरापर्यंत उघडे असणारे दुकान आधीच निवडून ठेवावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ऑनलाइन अर्जाचा मार्ग वापरून पाहते आणि सासूबाईंची नोंदणी बदलून घेते. एक शंका राहिली. त्यांच्या मधुमेहाचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा पाहण्यासाठी रक्त द्यावे लागेल. तेही संध्याकाळच्या भेटीतच होऊ शकते का?

प्रतिसाद १ देणारी सभासद

बहुधा नाही. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेकडे नेणारी गाडी अनेक ठिकाणी दुपारीच येऊन जाते, त्यामुळे संध्याकाळच्या भेटीत रक्त घेण्याची सोय असेलच असे नाही. काही नेटवर्कमध्ये शनिवारी सकाळी ती असते. म्हणून अर्जात दोन भेटी वेगवेगळ्या मागाव्यात. आधी रक्त देण्यासाठी दिवसाची किंवा शनिवार सकाळची वेळ घ्यावी. त्या वेळी बोलण्याचे फारसे काम नसते, तेव्हा सासूबाई शेजारणीबरोबरही जाऊ शकतील. त्यानंतर आठवडाभराने निकाल हाती असताना डॉक्टरांची संध्याकाळची वेळ घ्यावी, दुभाष्यासह. त्यांनी साताऱ्याहून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे त्या भेटीला बरोबर न्यावीत. येथे त्याच औषधांची व्यापारी नावे वेगळी असतात, आणि डॉक्टर पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव पाहूनच पुढचे लिहून देतील.