मदत हवी आहे: बाईक कोणती, क्लासिक ३५० घेऊ की स्पीड ४००?

मंडळी, पार डोकं आउट झालंय. रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० फायनल करत आणली होती आणि मित्राने ट्रायम्फ स्पीड ४०० चालवायला दिली, तिथंच सगळा घोळ झाला.

वापर म्हणाल तर रोज साताऱ्यात ऑफिसला आणि शनिवार-रविवार पुण्याला, बऱ्याचदा बायको मागे असते. क्लासिकचा तो धकधक आवाज, २७ एनएमचा टॉर्क (ओढायची ताकद) कमी आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरतानाच मिळतो त्यामुळे गावात गिअर फार बदलावे लागत नाहीत, बसायलाही ऐसपैस. पण पॉवर २० बीएचपी, हायवेला नव्वदच्या पुढं ती दमते आणि १९५ किलोचं धूड पार्किंगमधून मागं ओढताना घाम निघतो. स्पीड ४०० ला जवळपास दुप्पट पॉवर, लिक्विड कूलिंग (द्रवाने इंजिन थंड ठेवणं), सहावा गिअर, खंबाटकी घाट तर मस्करीत चढली. बनतेही आपल्या चाकणलाच! दिसायला तीही जुन्या वळणाचीच आहे म्हणा. फक्त मागची सीट बायकोला आवडली नाही, आणि तो मुद्दा हलक्यात घेता येत नाही 😅

ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगा, ट्रॅफिकमध्ये स्पीड ४०० पायाला किती गरम लागते? आणि क्लासिकच्या स्पोक व्हीलला (तारांच्या चाकाला) ट्यूब असते, घाटात पंक्चर झाली तर काय करता? की सरळ ट्यूबलेस टायरची अलॉय चाकंवाली क्लासिकच घेऊ?