शेअर्ड लायब्ररीतल्या स्ट्रटॉकमुळे कॉलरचा लूप मध्येच तुटतो

प्रश्न: आमची सी लायब्ररी 'नाव=मूल्य' अशा जोड्या स्ट्रटॉकने (strtok, स्ट्रिंगचे विभाजकावर तुकडे करणारं सीचं फंक्शन) फोडते. कॉलरही (आमची लायब्ररी वापरणारा कोड) स्वतःच्या लूपमध्ये स्ट्रटॉकच वापरतो. आमचं फंक्शन बोलावलं की त्याचा लूप पहिल्याच फेरीत संपतो. थ्रेड तर एकच आहे, मग असं का?

उत्तर १: इथे थ्रेडचा संबंधच नाही. पुढचा तुकडा कुठून सुरू होतो, हे स्ट्रटॉक आतल्या स्टॅटिक पॉइंटरमध्ये (सगळ्या कॉल्सना मिळून एकच असलेल्या) ठेवतं. तुमच्या लायब्ररीने तो पॉइंटर आपल्या स्ट्रिंगच्या शेवटी नेला, म्हणून कॉलरने 'पुढचा तुकडा दे' यासाठी नल दिल्यावर त्याला नलच परत मिळतो. स्ट्रटॉक_आर (strtok_r, ही जागा तुमच्याच पॉइंटरमध्ये ठेवणारं रूप) वापरा. त्याला तिसरं आर्ग्युमेंट म्हणून कॅर पॉइंटरचा पत्ता लागतो. तो पॉइंटर फंक्शनच्या आत लोकलच ठेवा. ग्लोबल करून तोच दोन लूपनी वापरला तर तेच दुखणं परत येईल.

उत्तर २: मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर त्याच क्रमाने तीन आर्ग्युमेंट घेणारं स्ट्रटॉक_एस (strtok_s) आहे, नाव बदलायला एक मॅक्रो पुरतो. सी११च्या मानकातलं त्याच नावाचं फंक्शन मात्र चार घेतं.

उत्तर ३: ही सगळीच फंक्शन्स मूळ स्ट्रिंगमध्ये शून्य बाइट लिहितात. कॉलरने लिटरल (कोडमध्येच अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग) दिलं तर लिनक्सवर बहुतेक वेळा थेट सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. शिवाय 'क,,ख' याचे दोनच तुकडे मिळतात, मधलं रिकामं फील्ड गायब! दुसऱ्यांना द्यायच्या कोडमध्ये स्ट्रसीस्पॅनच (strcspn, पुढच्या विभाजकापर्यंतची लांबी सांगणारं फंक्शन) बरं: पॅरामीटर कॉन्स्ट (न बदलणारा) ठेवा, पॉइंटर आणि लांबी परत द्या. विभाजक ओलांडण्याआधी तिथे शून्य बाइट नाही ना, हे बघा. नाहीतर वाचन बफरबाहेर जाईल.