क्युबाच्या भानगडीत माघार नेमकी कोणं घेतली?

धुऱ्यावरचा, दर्यापूर: काल सांजच्याले तुरीच्या शेंगा सोलता सोलता पोरीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. ती म्हणे, "बाबा, १९६२ मधी रशियानं अमेरिकेजवळच्या क्युबात ठेवलेली क्षेपणास्त्रं वापस नेली, म्हणजे तो हरला ना?" मले काही सांगता नाही आलं. हरला का बाप्पा?

रिटायर मास्तर: नाही. २८ ऑक्टोबरले रशियाचा नेता ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं काढतो म्हणून रेडिओवर जाहीर केलं. बदल्यात अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीनं क्युबावर चढाई न करायचा शब्द देला. अन् तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं. ते काम १९६३ च्या एप्रिलात उरकलं, गाजावाजा न करता. म्हणून जगाले एकच जण झुकलेला दिसला.

विहीरवाला: खरी धडकी २७ तारखेची! क्युबावर अमेरिकेचं यू-२ हेरगिरीचं विमान पाडलं, पायलट मेला. त्याच दिवशी समुद्रात रशियाची बी-५९ पाणबुडी अमेरिकी जहाजाईनं घेरली. आत उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही, संगं अणु-टॉर्पेडो. कप्तान भडकला होता, पाणबुडीवरच्याच आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं त्याले आवरलं म्हणतात.

रिटायर मास्तर: आमच्या गावात क्युबाचं नावही नव्हतं. २० तारखेले चीनचा हल्ला झालता, ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती सारे तेच आयकत बसत.

धुऱ्यावरचा, दर्यापूर: समजलं. आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, भांडणातही असंच झालं. शेजाऱ्यानं चारचौघात नांगराचे दोन तास (ओळी) मागं घेतले, अन् म्या रातच्याले त्याची बोअरची पाइपलाइन माह्या वावरातून जाऊ देली. गाव अजून मलेच जितला म्हणते.