सावंतवाडीचा राजवाडा बघा

कोकणात एखाद्या जुन्या वाड्यात शनिवार-रविवार निवांत राहायचंय? माझं ऐकाल तर किनाऱ्यावरची गर्दी सोडा आणि सावंतवाडी गाठा. मोती तलावाकाठी जांभ्या दगडाचा राजवाडा आहे, त्याच्याच आवारात मोजक्या खोल्यांचं हॉटेल. आम्ही दोन रात्री राहिलो, बाहेर फारसं फिरलोच नाही. दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवत बसलेले असतात. दशावतारी संचात 120 गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी 12. एक ताई बारीक कुंचल्याने मत्स्यावताराच्या पानावर खवले काढत होत्या, तासभर हललो नाही तिथून! इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला जगवली, त्यांचे उपकारच म्हणायचे. छोटा का होईना, एक संच घ्याच.