आधी उतरायला शिका

एकही पुलअप (बारला लटकून हनुवटी बारच्या वर जाईपर्यंत स्वतःला खेचणं) येत नसेल तर "आधी दहा किलो उतरवा, मगच बारकडे बघा" असा सल्ला एकांनी दिलाय. वजन कमी असलं की सोपं जातं हे खरं, पण तोवर कशाला थांबायचं? वर खेचताना स्नायू जेवढं वजन पेलतो त्याहून जास्त तो सावकाश खाली सोडताना पेलतो. म्हणून ज्याला एकही पुलअप येत नाही त्यालाही उतरणं जमतं. मी वाशीच्या जुन्या सिडकोच्या घरात असंच सुरू केलं, तेव्हा वजन ७८ किलो. बारखाली स्टूल, त्यावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची, पाय सोडायचे आणि मनात पाच मोजत हात सरळ होईपर्यंत उतरायचं. चार-पाच वेळा, एक दिवसाआड, बस. पहिल्या दिवशी तिसऱ्यालाच धपकन खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी शर्ट काढायला हात वर जाईना. नवव्या आठवड्यात पहिला पुलअप निघाला. वजन तेच, ७८.

बाकी दाराच्या चौकटीत पिळून घट्ट बसवायचा बार घेणार असाल तर जपून, तो नुसत्या घर्षणावर टिकतो. आमची चौकट संगमरवरी, गुळगुळीत. जुलैच्या दमट हवेत मी लटकलेला असताना बार एका बाजूने दोन बोटं खाली सरकला. मग भिंतीत अँकर बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारे) मारून पक्का बार लावला. (आता त्यावर आईचे टॉवेल वाळतात, ते वेगळं.) पण भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर हेही करू नका, बोल्ट धरत नाहीत.