'एएस/४००' म्हणणं आता सोडायचं का?

बिनपगारी
परवा मीटिंगमध्ये नव्याने आलेल्या साहेबांनी विचारलं, "आपला स्टॉक कशावर चालतो?" मी बेसावधपणे म्हणालो, "एएस/४०० वर." त्यांनी वहीत 'लेगसी', म्हणजे जुनाट, असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पुढचा पाऊण तास हे बदलायचं कसं, यातच गेला. मशीन कधीचं, किती वेळा बंद पडलं, कोणी विचारलंच नाही. मशीन आयबीएमच्या पॉवर१० प्रोसेसरचं आहे, त्यावर आयबीएम आय ७.५ ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे २०२२ ची आवृत्ती.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: आयबीएमने कंपन्यांच्या कारभारासाठी एएस/४०० हे मशीन आणलं जून १९८८ मध्ये. २००० मध्ये ते आयसिरीज झालं, मग सिस्टीम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी 'आयबीएम आय' ही ऑपरेटिंग सिस्टीम. आपण मात्र अजून एएस/४०० च म्हणतो. माझ्या मते आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय.

हिरवा पडदा
नावाला कशाला झोडपता? लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती ५२५० या जुन्या टर्मिनलची काळी पाटी आणि हिरवी अक्षरं. एफ३ ने बाहेर, एफ१२ ने मागे. पुन्हा बारसं केलंत तरी पडदा तोच. युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा जन्म १९६९ चा, त्याला कोण जुनाट म्हणतं?

बिनपगारी
त्या खोलीत पडदा नव्हताच हो. फक्त नाव होतं. आणि युनिक्समध्ये आकडा नाही. '४००' ऐकलं की मॉडेल नंबर वाटतो, कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक ठरावीक डबा. आपण घराण्याचं नाव घेतो आणि ऐकणाऱ्याला पणजोबा दिसतात.

कोष्टी
बिनपगारींशी सहमत. विंडोज एनटी आलं १९९३ मध्ये. एनटी म्हणजे 'न्यू टेक्नॉलॉजी' असं सांगायचे. पुढे विंडोज २००० सुरू होताना पडद्यावर 'एनटी टेक्नॉलॉजीवर आधारित' असं यायचं, म्हणजे 'नव्या तंत्रज्ञान तंत्रज्ञानावर'! असो. आजचं विंडोज ११ त्याच वंशातलं. कमांड प्रॉम्प्टवर 'व्हर' टाइप करून बघा, ११ नाही, १०.० दिसेल. मॅकओएसचंही तेच. त्याची मुळं १९८९ च्या नेक्स्टस्टेप या सिस्टीममध्ये आहेत, कोडमधली 'एनएस'ने सुरू होणारी नावं तिथलीच. पोटात कितीही जुनं असो, पाटी बदलली की कोणी विचारत नाही.

आळशी उंदीर
पाटी बदलूनही पाहिली की. चार वेळा! आणि शेवटी ठेवलं काय, तर 'आय'. एका अक्षरावर सर्च करून दाखवा. अडलेल्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर मी आजही एएस/४०० टाकतो, कारण जुनी उत्तरं त्याच नावाखाली आहेत. बायोडेटातही दोन्ही नावं लिहितो. भरती करणारा कुठलं शोधेल याचा नेम नाही.

आयबीएमच्याच मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर काम करणाऱ्यांकडे बघा. सिस्टीम/३६० जाहीर झाली १९६४ मध्ये, आजचं मशीन झेड१७. तरी सगळे 'मेनफ्रेम'च म्हणतात आणि मान वर करून म्हणतात. आपणच चोरी पकडल्यासारखं पुटपुटतो.

बिनपगारी
मान वर करण्यासारखं आपल्याकडेही आहे. इथला प्रोग्राम थेट प्रोसेसरशी बोलत नाही, मधल्या मशीन इंटरफेस नावाच्या थराशी बोलतो. म्हणून १९९५ मध्ये ४८ बिटांच्या सिस्क प्रोसेसरवरून ६४ बिटांच्या रिस्क या वेगळ्याच रचनेच्या प्रोसेसरवर उडी मारली, तेव्हा बहुतेक जुने प्रोग्राम पुन्हा कम्पाइल न करता चालले. सिस्टीमने स्वतःच त्यांचं नवं रूप तयार केलं. हे त्या साहेबांना सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "म्हणजे जुनाच कोड चालू आहे ना?" आता काय बोलणार!

हिरवा पडदा
साहेब चुकले कुठे? जुनं मोडत नाही म्हणून कोणी नवं लिहीत नाही, हेच आपलं दुखणं. आपली प्रोग्रामिंगची भाषा आरपीजी, तिचं पूर्ण फ्री-फॉर्म, म्हणजे ठरावीक रकान्यांत लिहायची सक्ती नसलेलं, रूप २०१५ पासून आहे. पहिल्या ओळीत दोन तारे आणि फ्री लिहिलं की रकान्यांची कटकट संपली. पायथन, नोड अशी आजची साधनंही चालतात. पण आमच्याकडे गेल्या महिन्यात लागलेल्या मुलालाही जुन्या पद्धतीने सहाव्या रकान्यात सी टाकायलाच शिकवलं. आधी ते बदला, मग बारसं करा.

कोष्टी
बजेट मंजूर करणारा कोड वाचत नाही, नाव वाचतो. तुमचं 'आधी' तिथेच अडतं.

हिरवा पडदा
बजेट कसलं? दोन तारे टाकायला पैसे पडत नाहीत. बिनपगारी, खरं सांगा, तुमच्या त्या स्टॉकच्या प्रोग्रामची पहिली ओळ काय आहे?

बिनपगारी
आत्ता उघडून पाहिली. सहाव्या रकान्यात एच आहे.
पण मीटिंगमध्ये तो एच कोणी पाहिला नव्हता. त्या दोन रेघा नावाखालीच ओढल्या गेल्या.