मारबत जाळली की ढोलवाले भलत्याच्याच मागे लागतात (ईसीएस)

इतवारीवाला: आपल्या नागपूरच्या तान्ह्या पोळ्याच्या मारबत मिरवणुकीचा (मोठा पुतळा मिरवून शेवटी जाळतात ती) गेम करतोय, सी प्लस प्लसमध्ये. ईसीएस, म्हणजे एन्टिटी-कम्पोनन्ट-सिस्टिम, स्वतःच लिहिलंय: कम्पोनन्टमध्ये माहिती, तिच्यावर काम करणारा कोड म्हणजे सिस्टिम. एन्टिटी म्हणजे नुसता आयडी. स्थान, वेग, कोणाच्या मागे चालायचं, ढोल वाजवणं हे सगळं वेगवेगळ्या कम्पोनन्टमध्ये. ४० ढोलवाले पिवळ्या मारबतीमागे छान चालतात. मारबत जाळली की तिची एन्टिटी डिलीट करतो आणि मोकळा आयडी पुढच्याला देतो. काल तिचा १७ नंबर चिवड्याच्या हातगाडीला मिळाला, अन् सगळे ढोलवाले गाडीमागे निघाले! मध्येच क्रॅशही होतो. मारबतीचा वेगळा क्लास करून त्यात ढोलवाल्यांची यादी ठेवू का? आजोबांच्या खांद्यावर बसून ही मिरवणूक पाहिली आहे, ती मनासारखी उतरायला हवी.

महालातला: क्लास नको करू भाऊ. उद्या काळी मारबत आणशील, मग बडगे, म्हणजे बाकीचे पुतळे. किती याद्या सांभाळशील? आयडीत जागेसोबत पिढी ठेव, म्हणजे ती जागा कितव्यांदा वापरतोय तो आकडा. मारबत १७, पिढी १. डिलीट करताना पिढी एकने वाढव, म्हणजे हातगाडी होईल १७, पिढी २. ढोलवाल्याकडची पिढी जुळली नाही की समजायचं, मारबत गेली. ईएनटीटी (EnTT) या सी प्लस प्लसच्या तयार ईसीएस लायब्ररीत ३२ बिटांच्या आयडीतले २० बिट जागेला आणि १२ पिढीला असतात.

बर्डीकर: क्रॅशचं मूळ दुसरीकडे दिसतंय. जाळायची सिस्टिम लूप चालू असतानाच डिलीट करते ना? ज्या अ‍ॅरेवरून फिरतोयस त्यातलीच नोंद काढली की शेवटची नोंद उचलून तिथे बसते, अन् हातातला पॉइंटर भलतीकडे दाखवतो. तिथे फक्त 'जळाली' अशी खूण कर, सगळ्या सिस्टिम आटोपल्या की फ्रेमच्या शेवटी एकदाच काढ. बेव्ही (Bevy) या ईसीएसवरच्या गेम इंजिनातही डिलीट रांगेत लागतं, लगेच होत नाही. सिस्टिमचा क्रमही एकाच फाइलीत लिहून ठेव: आधी 'मागे चालणे', मग 'हालचाल'. उलटं झालं तर ढोलवाले कायम एक फ्रेम मागे राहतात.

इतवारीवाला: दोघांचंही ऐकलं. रात्री वीस वेळा मारबत जाळली, एकदाही क्रॅश नाही. मारबत गेल्यावर ढोलवाल्यांचा 'मागे चालणे' कम्पोनन्ट काढून घेतला की ते जागीच उभे राहतात, पण 'वाजवणे' वेगळं असल्याने ढोल चालूच राहतो. ते तसंच ठेवतोय. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर चालू असताना आमच्याकडे ढोल कोणी थांबवत नाही.